खिडकीतलं ताट

गडमुडशिंगीत भूपाल सरांचा इंग्रजीचा क्लास तीस वर्षं चाललाय, आणि तीस वर्षं त्यांची सगळी उदाहरणं बायकोवरचीच. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं: रत्नाबाई मला सांभाळते. लुक फॉर म्हणजे शोधणं: रत्नाबाई माझा चष्मा शोधते. लुक डाउन ऑन म्हणजे कमी लेखणं: रत्नाबाई माझ्या स्वयंपाकाला कमी लेखते. पोरं खिदळायची, पण परीक्षेत एकाचंही चुकायचं नाही. काय बिशाद!

सर जैन. दिवस मावळला की अन्नाला शिवायचे नाहीत, आणि क्लास तर पाच ते सात. म्हणून रत्नाबाई उन्हं असतानाच खिडकीतून ताट आत द्यायच्या. पोरांना दहा मिनिटं सुट्टी, सर तिथंच उभ्यानं जेवायचे.

यंदा कार्तिकात रत्नाबाई गेल्या. सरांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. माणूस आतून पार बधिर झाला होता, दुसरं काय? बाराव्या दिवशी क्लास सुरू केला. आवाज तोच, उदाहरणंही तीच. अन् ठरल्या वेळी "सुट्टी" म्हणून सर खिडकीशी गेले आणि हात बाहेर धरून उभे राहिले. थोड्या वेळानं हात मागं घेऊन फळ्याकडं आले.

मग हे रोजचंच झालं. क्लास सुटेपर्यंत अंधार पडायचा, म्हणून संध्याकाळचं जेवण बंदच पडलं. भूक लागलीय का, हेही त्यांना कळत नव्हतं. मुलगा अभिनंदन पुण्याहून फोन करायचा, त्याला जेवलो म्हणून सांगायचे. सदरा अंगावर लोंबायला लागला. पोरं माना खाली घालून बसायची. बोलणार कोण?

राजनंदिनीही बोलली नाही. नर्स म्हणून परदेशी जायच्या इंग्रजीच्या परीक्षेसाठी क्लासला येणारी, आकाराम शेतकऱ्याची ही पोरगी. एका संध्याकाळी सुट्टीच्या आधीच ती उठून बाहेर गेली. सरांनी हात बाहेर धरला आणि हातावर ताट आलं.

"कांदा-लसूण न्हाय घातला, सर," ती बाहेरून म्हणाली. "आईनं तवाबी येगळा घेतला."

सरांनी भाकरी मोडली, मुगाच्या आमटीत बुडवली, घास घेतला.

"मीठ जास्त झालंय."

रत्नाबाईंच्या हातचं कायम अळणी. तीस वर्षं सर त्यावर कुरकुरत आले होते. दुसरा घास हातातच राहिला, आणि भरल्या वर्गात भूपाल सर हमसून हमसून रडायला लागले.

"आधी जेवा की, सर," राजनंदिनी म्हणाली. "दिवस बुडंल."

सर रडत रडतच जेवले.