छावणीचं वर्ष

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, अंबाजोगाई. हजर: हाडंवाल्या बाई, तलवाड्याचे शेतकरी अंकुशराव, फरशी कापणारे सलीमभाई आणि मी. गैरहजर: वीज.

बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. मी त्यांची प्रयोगशाळा सांभाळते. गळ्यात तुळशीची माळ, मटणाला स्पर्श नाही, पण कंदुरीच्या पंगतीत हमखास जायच्या आणि नळी चोखणाऱ्याला म्हणायच्या, "झाली की इकडं द्या. बोकड किती वर्षांचा होता?" सलीमभाई म्हणायचे, "बाईंना दावत द्यायला लई सोपं. गोश्त आपण खायाचं, हाडं त्यांना."

हाडाच्या आत झाडाच्या खोडासारख्या वाढीच्या रेषा असतात. चांगल्या दिवसांत पट्टा रुंद होतो, उपासमारीत रेषा एकमेकींना चिकटतात. हाडाचा दगड झाला तरी त्या टिकतात. सलीमभाईंच्या मशीनवर चकती कापायची, काचेवर चिकटवायची आणि पावडर-पाणी घालून घासत राहायचं, खाली ठेवलेल्या पेपरातलं अक्षर दिसेपर्यंत. जरा जास्त घासलं की चकतीच नाहीशी. "घाई केलीस सुनंदा, की हजारो वर्षं मोरीत जातात," हे मला ऐकवायचं बाईंचं ठरलेलं वाक्य. उन्हाळ्यात चिकटवणीत फुगे यायचे, म्हणून चकत्यांचा डबा माठाखालच्या ओल्या वाळूत. त्या माठातलं पाणी पाहुण्यांना द्यावं का, हा विषय आम्ही कधी काढला नाही.

अंकुशरावांना गोदाकाठच्या दरडीत रानबैलाच्या मांडीचं हाड सापडलं होतं, पार दगड झालेलं. त्याच्या रेषा वाचायच्या, तर आधी ज्याचं आयुष्य ठाऊक आहे असा बैल हवा. तो होता अंकुशरावांचा सर्जा. म्हातारा होऊन गेला, त्याला बांधाशी पुरून वर लिंब लावलेला. दर पोळ्याला तिथं नैवेद्य.

"बैल म्या पुरलाय बाई, फेकला न्हाई. कावून उकरायचा?"

बाईंनी हट्ट धरला नाही. एवढंच म्हणाल्या, "तुमच्या-माझ्यामागं त्याची गोष्ट कोण सांगणार?"

पोळा झाला आणि अंकुशराव स्वतःच आले. धुतलेल्या धोतराच्या फडक्यात हाडाचा तुकडा. अट एकच: उरेल ते परत लिंबाखाली.

त्या रविवारी सर्जाची चकती तयार होती. वीज नाही म्हटल्यावर बाईंनी सूक्ष्मदर्शक खिडकीत नेला आणि आरशावर उजेड धरला.

"म्या काई सांगणार न्हाई," अंकुशराव म्हणाले. "त्याच्या पोटाचे हाल कवा झाले, तुमीच सांगा."

बाई बराच वेळ वाकून होत्या. मग म्हणाल्या, "तिसरं वर्ष वाईट गेलं. पण चौथ्यात भरून काढलंय त्यानं. हा पट्टा बघा, केवढा रुंद!"

अंकुशरावांनी पाहिलं नाही. भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "दुष्काळातली गुरांची छावणी. तवा तिसरंच चालू होतं त्याला. उसाच्या वाढ्यावर, निस्त्या शेंड्याच्या पाल्यावर काढलं त्यानं."

"बघा," सलीमभाई म्हणाले, "तुमी लपवत होता, सर्जानं सांगून टाकलं!"

मग अंकुशराव हसले आणि डोळा काचेला लावला.

बाई मात्र म्हणाल्या, "एका बैलानं काही सिद्ध होत नाही. पण वाचायला सुरुवात झाली."

लगेच त्यांनी रानबैलाची चकती घासायला घेतली. आतली बाजू आधी पातळ झाली आणि तिथं तशाच चिकटलेल्या रेषा दिसल्या. यानंही वाईट वर्ष पाहिलं होतं. त्याच्यापुढं, बाहेरच्या म्हणजे नंतरच्या वर्षांकडं, चकती अजून जाड, काळी. तो त्या वर्षातून निघाला की तिथंच संपला, ते त्या काळ्या भागात दडलेलं. तेवढ्यात बाई दमून स्टुलावर टेकल्या. त्यांनी चकती माझ्या हातावर ठेवली. तेच ठरलेलं वाक्य म्हणाल्या. जूनच्या आधी बाई वारल्या.

यंदाच्या पोळ्याला सर्जाचा तुकडा आम्ही तिघांनी परत लिंबाखाली ठेवला. अंकुशरावांचा फोन अजून येतो. "निघाला का ओ ताई, जुना बैल दुष्काळातून?"

काच धुतली आहे. पावडर भिजवली आहे. चकतीखाली पेपर अंथरला आहे. अक्षर अजून दिसत नाही. पण काल त्या काळ्या भागाच्या कडेला पहिल्यांदा उजेड शिरला. घासायचं बाकी आहे.