ती एकदाच बोलते

काकांचा, म्हणजे नलूमावशीच्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा मी केंब्रिजच्या प्रयोगशाळेत पेशींचे नमुने तपासत होते. "तुझी मावशी गेली गं," एवढंच ते बोलले. मी नमुने जागच्या जागी ठेवले, हातमोजे काढले आणि त्यांच्या घरी जायला मेडनहेडची ट्रेन पकडली. डोळे कोरडे होते. बाबा गेले तेव्हाही ते कोरडेच राहिले होते, आणि हे फक्त नलूमावशीला ठाऊक होतं.

निवृत्तीनंतर मावशी प्राचीन ग्रीक शिकू लागली. "मृत भाषेचा उपयोग काय?" मी विचारलं. "तू मेलेल्या पेशींवर पगार घेतेस ना? मग मला भाषा राहू दे."

ट्रॉयच्या युद्धाच्या महाकाव्यातली एक बंदिवान स्त्री तिने मला दाखवली. नवरा आणि भाऊ मारले गेलेली, लुटीतला वाटा म्हणून एका वीराला मिळालेली, मग दुसऱ्याने हिसकावलेली. त्या दोघांच्या भांडणावर सारं काव्य उभं आहे. "म्हणजे ती कारण आहे, व्यक्ती नाही," मी निष्कर्ष काढला. मावशीने गॅस बंद केला, ओट्यापाशी खिडकीकडे तोंड करून ताठ उभी राहिली आणि त्या स्त्रीचा विलाप मूळ ग्रीकमध्ये म्हटला. मला एक शब्द कळला नाही. अंगावर मात्र काटा आला. एवढ्याशा माझ्या मावशीतून इतका जुना आवाज कसा उमटला, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही.

"ती एकदाच बोलते," मावशी म्हणाली. "शत्रूच्या तळावर जो तिच्याशी मायेने वागला, त्याच्या प्रेतापाशी. मग बाकीच्या कैदी बायका रडू लागतात... वरवर त्याच्यासाठी, आतून जी ती स्वतःसाठी."

आणि सहज सांगावं तसं तिने सांगितलं : नागपूरला आजी, म्हणजे तिची आई, गेली तेव्हा मावशीचा पासपोर्ट व्हिसासाठी क्रॉयडनच्या सरकारी कचेरीत अडकला होता. जाता आलं नाही; दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. "पुढे शेजारच्या म्हातारीच्या फ्युनरलला मी इतकी रडले, की तिचा मुलगाच मला पाणी द्यायला आला. त्याला काय सांगणार..." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुलाही येईल रडू. घाई नाही."

तिच्या अंत्यविधीला मी मुद्देसूद बोलले.

परवा काकांकडे गेले होते. चहा होत आला तसा मी गॅस बंद केला आणि नकळत त्याच जागी, खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. त्या विलापाची पहिली ओळ मला कानावरून पाठ आहे. ती म्हटली, पुढची येईना... काका आले, पाण्याचा पेला ओट्यावर ठेवून गेले.

रडणं मावशीसाठी होतं. निदान सुरुवातीला.