एजंट उभा राहतो ती भिंत

बँकेकडं कुणी गृहकर्जाचा अर्ज केला, की ते घर बघून अहवाल लिहायला बँक माझ्यासारख्याला पाठवते. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, पण कित्येक वर्षांत एक वीटही बांधलेली नाही. दुसऱ्यांनी बांधलेली घरं बघत नगर जिल्हाभर मोटरसायकलवर हिंडतो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, अहवालात मी ते बरोबर लिहितो, तोंडात मात्र नगरच येतं.

घर दाखवायला बहुतेक वेळा एजंट असतो. विकणारा कामावर गेलेला असतो, घेणारा बावरलेला असतो, आणि किल्ली एजंटच्या खिशात असते. तो चहा सांगतो, घराच्या चारी बाजूंना कोण राहतं ते सांगतो, आणि मी मापं घेताना टेपचं दुसरं टोक धरतो. घरात काही दोष असला तर त्याबद्दल तो बोलत नाही. ताकास तूर लागू देत नाही. पण दोष असेल तिथं जाऊन तो उभा राहतो. ओल आली असेल तर ओलीला पाठ लावून, स्लॅब गळत असेल तर बरोबर त्या डागाखाली, म्हणजे आपण त्याच्या तोंडाकडं बघावं, वर बघू नये. हे तो मुद्दाम करतो की त्याचं अंगच आपोआप तिकडं जातं, ते मला अजून कळलेलं नाही. चोराची पावलं चोरालाच ठाऊक, तशी मला ही त्यांची सवय पहिल्या दोन-तीन वर्षांतच कळली, आणि तेव्हापासून मी घर बघायचं कमी करून एजंटच बघायला लागलो.

पाथर्डीचा एक एजंट होता, म्हणजे अजून आहे, त्याच्याबरोबर माझी सगळ्यात जास्त घरं झाली. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा, विम्याचीही कामं करणारा आणि सात-बारा काढून देणारा माणूस. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला साहेब. आमच्यात न बोलता एक रीत पडली होती. तो उभा राहिला की मी समजायचो. किरकोळ असेल तर किंमत थोडी कमी धरायचो, मोठं असेल तर लिहायचो. पण घेणाऱ्या माणसासमोर ‘भाऊ, जरा सरका’ असं मी कधी म्हणालो नाही. म्हटलं असतं तर त्याची अब्रू गेली असती. आणि अहवालात काय लिहिलं, हे त्यानं मला कधी विचारलं नाही. फाईल मंजूर झाली तरी नाही, परत गेली तरी नाही. तेरी भी चूप, मेरी भी चूप. मला वाटायचं, यालाच चांगले संबंध म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी पितृपंधरवड्यात त्याचा फोन आला. त्या पंधरवड्यात घराचे व्यवहार कुणी करत नाही, म्हणून मी आश्चर्यानं विचारलं. तो म्हणाला, “ऊसतोडीवाले हायेत साहेब. दिवाळी झाली की टोळी निघती. त्यांना पित्रांसाठी थांबून चालत न्हाई.”

करंजीचा घाट उतरून दुपारी पोचलो. गावाच्या कडेला नव्या प्लॉटांवर दोन खोल्यांचं स्लॅबचं घर होतं. मालक एसटीत कंडक्टर, बदली झाली म्हणून विकत होता. ओट्यावर घेणारा माणूस, त्याची बायको, त्याची विधवा बहीण आणि मुलगी, असे चौघं बसले होते. मी मोटरसायकल लावेपर्यंत चौघंही उठून उभे राहिले. मला ते उठणं आवडत नाही, पण आता बसा म्हणायचाही कंटाळा येतो.

त्या माणसाचं म्हणणं सरळ होतं. त्यांची वस्ती डोंगराच्या अंगाला, शाळा लांब. सहा महिने नवरा-बायको ऊस तोडायला जायचे. आदल्या वर्षी त्यांनी पाथर्डीत भाड्याची खोली घेऊन मुलीला आत्याजवळ ठेवलं होतं, तर घरमालकानं मध्येच खोली खाली करायला लावली आणि शेवटचे तीन महिने मुलगी आईबापाबरोबर फडात गेली. नववी कशीबशी पास झाली. आता दहावी होती.

“आवंदा घर हातात आलं तर ही हितं ऱ्हाईल,” तो म्हणाला. “न्हाई आलं तर संगं न्यावी लागंल. परत कुनाच्या खोलीत मी पोरगी ठेवनार न्हाई.”

बायको म्हणाली, “पितरं काय म्हनत्याल ते म्हनू द्या साहेब, तुमी तेवढं लवकर लिहा.”

मी मान डोलावली. अशी मान मी दिवसातून चार-पाच वेळा डोलावतो. प्रत्येक घरामागं कुणाचं तरी लग्न असतं, कुणाचं म्हातारपण असतं, आणि ते सगळं मला ओट्यावरच ऐकवलं जातं. पूर्वी ते माझ्याबरोबर घरापर्यंत यायचं. नंतर कधीतरी यायचं थांबलं. कधी थांबलं, ते मला सांगता येणार नाही. वाईट वाटायला हवं तिथं एक सपाट जागा लागायची, आणि मला त्या जागेची सवय झाली होती. हे मी फुशारकीनं सांगत नाही.

मुलगी आमच्या पुढं पुढं आत गेली. मागच्या खोलीत उभी राहून बापाला म्हणाली, “दादा, हितून शाळेची घंटा ऐकू येती.” तिला कुणी काही विचारलं नव्हतं. आत्यानं तिला दटावून बाहेर नेलं.

पुढची खोली मापली तेव्हाच मला भाऊंचं वागणं वेगळं वाटलं. टेप धरायला ते आले नाहीत. “तुमीच घ्या आज,” म्हणाले. मी लेझर मीटर काढला. मागच्या खोलीत गेलो तर भाऊ आधीच तिथं पोचलेले, मागच्या भिंतीला पाठ लावून, दोन्ही तळवे मागं भिंतीवर सपाट टेकवून उभे. मी मापं घेतली, खिडकी मोजली, फोटो काढला. ते हलले नाहीत. एवढी वर्षं मी त्यांना बघत होतो, पण इतकं चिकटून उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं. मी मनात म्हटलं, आज मोठं दिसतंय. उभा तडा असणार. त्या भागात काळी माती, मुरूम लागेपर्यंत पाया खणला नसला की ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि मागची भिंत पहिली जाते. सगळं जुळत होतं. खरं सांगायचं तर आपण न बघता ओळखलं, याचं मला थोडं समाधानही वाटलं.

घराच्या मागून जाऊन बाहेरची बाजू बघता आली असती. तिथं कंडक्टरनं जळण रचून ठेवलं होतं आणि गवत वाढलं होतं. मला पुढं शेवगावला अजून एक घर बघायचं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, तर माझ्यासमोर भिंत होती आणि मी माणसाच्या पाठीवरून तिची परीक्षा करत होतो.

निघताना त्या माणसानं विचारलं, “हुईल ना साहेब?”

“बँक ठरवते,” मी म्हणालो. हे मी सगळ्यांना म्हणतो.

अहवालात लिहिलं: मागील भिंतीस उभा तडा, पाया खचल्याची शक्यता, कर्ज देण्यापूर्वी तज्ज्ञाचं मत घ्यावं. बँका एवढ्या छोट्या कर्जासाठी तज्ज्ञ पाठवत नाहीत. फाईल परत करतात. हे मला माहीत होतं. पण दोष असलेलं घर गरीब माणसाच्या गळ्यात जाण्यापेक्षा बरं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि तेव्हा ते मला पटलंही. नंतर भाऊंनी काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. दिवाळी झाली, करंजीच्या घाटात टोळ्यांचे ट्रक लागले, आणि मी त्यांच्या मागं हॉर्न वाजवत माझ्या व्हिजिटांना जात राहिलो.

पुढच्या वर्षीच्या हंगामात, संक्रांतीच्या सुमाराला, दुसऱ्या बँकेची फाईल आली. पत्ता बघूनही माझ्या लक्षात आलं नाही. ओट्यासमोर मोटरसायकल लावली तेव्हा लक्षात आलं. घर तेच. मधल्या काळात कंडक्टरनं ते कुलूप लावून ठेवलं होतं. आता घेणारे हायस्कूलचे एक गुरुजी होते, चांगल्या पगाराचे, हसतमुख. सौदा झाला होता, कर्ज नाही मिळालं तरी घरच्या पैशातून घेणार होते. भाऊ किल्ली घेऊन उभे होते.

या वेळी भाऊंनी टेप धरला. मागच्या खोलीत ते खिडकीशी गेले, मी दारात राहिलो, आणि मागची भिंत पहिल्यांदा पूर्ण दिसली. मी जवळ गेलो. रंग जुनाच होता, वर पुट्टी मारलेली नव्हती. भिंतीवरून हात फिरवला, बोटांनी ठोकून बघितलं, खाली वाकून फरशीचा सांधा बघितला. मग बाहेर गेलो. जळण हललं होतं. बाहेरूनही भिंत वरपासून खालपर्यंत एकसंध होती, केसाएवढीही चीर नव्हती.

मी भाऊंना मागच्या अंगणात बोलावलं. गुरुजी पुढं फोनवर होते.

“भाऊ, मागच्या वेळेला तुम्ही इथं भिंतीला टेकून का उभे होता?”

“कवा?”

“ऊसतोडीवाले आले होते तेव्हा. पितृपंधरवड्यात.”

त्यांनी आठवायला वेळ घेतला. “ताप हुता हो मला. दोन दिस अंगात मुरलेला. भिंत गार लागत हुती, बरं वाटलं जरा.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “का वो?”

आमच्या रीतीप्रमाणं मी काही सांगायचं नव्हतं. पण मी सांगितलं. तडा लिहिला म्हणून फाईल परत गेली, आणि तडा मी बघितला नव्हता, तुम्हाला बघितलं होतं, एवढं सगळं एका दमात सांगितलं. ऐकता ऐकता भाऊंनी हातातला टेप गुंडाळून खिशात घातला.

“मला वाटलं कागद कमी पडलं,” ते म्हणाले. “मी त्यांना तसंच सांगितलं. कागद कमी पडलं, पुढच्या खेपंला बघू.”

मी परत त्या भिंतीकडं बघितलं.

“साहेब, मला सरक म्हनायचं ना.” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. “एवढ्या वरसांत एकदा म्हनला असता, भाऊ सरका जरा. मी काय मेलो असतो का?”

मुलीचं काय झालं ते मी विचारलं. त्या साली ती आईबापाबरोबर श्रीगोंद्याच्या बाजूला गेली. दहावीचा फॉर्म भरला नाही. या साली तर भरायचा प्रश्नच आला नाही, आता तिनं स्वतःच कोयता धरलाय. भाऊ हे सगळं घराच्या चतुःसीमा सांगतात तशा सुरात सांगत होते, आणि मीही तसंच ऐकत होतो. आत काहीतरी व्हायला हवं होतं. मी वाट बघितली. काही झालं नाही.

गुरुजींचा चहा घेऊन मी निघालो. पाथर्डीच्या स्टँडसमोर मोटरसायकल थांबवली आणि मोबाईलमध्ये जुना अहवाल शोधला. मागच्या खोलीचा फोटो निघाला. फोटोत भाऊ भिंतीला टेकलेले, डोळे लाल, ओठ सुकलेले. कुणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, हा माणूस आजारी आहे. अहवालात अर्जदाराचा नंबर होता. तो लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

फोन मुलीनं उचलला. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता.

“कोन बोलतंय?”

“मी पाथर्डीला घर बघायला आलो होतो. बँकेकडून.”

“साहेब!” ती म्हणाली, आणि लगेच, “मंजूर झालं का?”

“नाही. ऐक. त्या घरात काही दोष नव्हता. मी चुकीचं लिहिलं. माझ्याकडून चूक झाली.”

मग तिनं विचारलं, “मंग आता मिळंल?”

“ते घर आता दुसऱ्यांनी घेतलंय.”

“बरं.”

ट्रॅक्टर बंद पडला आणि लांबून कुणीतरी तिला हाक मारली. तिनं आवाज खाली आणला.

“साहेब, दादांना सांगू नका हां हे. कागद कमी पडलं म्हनून त्यांनी दोन वरसं सगळं कागद गोळा केल्यात. तलाठ्याचं, मुकादमाचं, माझ्या शाळंचं सुदीक. पिशवीत घालून संगं घेऊन हिंडत्यात.”

सांगणार नाही, असं मी म्हणालो.