चटईवरची रिकामी जागा

आजवर कोणालाच, अगदी बायकोलाही न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा शेवटी पाय मागे घेईन. फाटकं पुस्तक पाहून हरखून जाणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि नेमकं त्याच माणसाला मी फाटक्या पुस्तकांबद्दल खोटं सांगितलं. तो माझ्या बायकोचा सख्खा मामा. भाचजावई म्हणून मीही त्यांना मामाजीच म्हणतो, आणि ते मला 'जवाईबापू' म्हणतात. त्या शब्दात इतका विश्वास असतो की ऐकताना मान खाली जाते.

मामाजी आसगावचे. धंदा नाटकांचे पडदे रंगवण्याचा. धान कापून झाले की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात. त्यांतले निम्मे महाल, सगळी जंगलं आणि एकूण एक तुरुंग मामाजींच्या हातचे. त्यांची एक खोड सगळ्या कंपन्यांना ठाऊक होती. ज्याचं चित्र काढायचं, ते आधी स्वतः तसे होऊन पाहत. एकदा त्यांना बगळा काढायचा होता. तर हा गृहस्थ धोतर खोचून पाण्यानं भरलेल्या धानाच्या बांधीत सकाळपासून एका पायावर उभा. रस्त्यानं जाणारी माणसं 'जयभीम' घालत होती आणि हे तोल जाईल म्हणून हात न उचलता नुसती मान हलवत होते. शेवटी मामी शेताच्या धुऱ्यावर येऊन ओरडल्या, "अवो, खरे बगळे कवाचे उडून गेले, तुमी तरी घरी या!" मामाजी तिथूनच म्हणाले, "थांब ना व. बगळ्याचा पाय कोठी दुखते ते समजू दे."

त्यांच्या हातून कोणाचं वाईट रंगवलंच जात नसे. तुरुंगाच्या पडद्यावर त्यांनी एवढी मोठी खिडकी काढली की कंपनीचा मालक वैतागला. "काय जी, एवढ्या खिडकीतून कैदी पळून नाही का जाणार?" मामाजी ब्रश धूत म्हणाले, "जाऊ द्या ना. तुमचा तिसरा अंक तरी लवकर संपन." पुढे जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला आणि शाळांच्या भिंतींवरचे नकाशे नव्यानं काढायची वेळ आली. ते काम मामाजींना मिळालं. त्यांनी नवी हद्द काढली, पण इतकी बारीक की ती पाहायला भिंतीला नाक लावावं लागे, आणि त्या रेघेवर माणसांनी भरलेली एक बैलगाडी काढली, इकडून तिकडे जाणारी. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, नकाशात बैलगाडी नसते. "मंग त्या भागातल्या सोयऱ्याच्या लग्नाले लोकं जातीन कसे?" मामाजींनी विचारलं. बैलगाडी पुसावी लागली. ती पुसताना मात्र त्यांनी बैलांची तोंडं शेवटपर्यंत ठेवली होती म्हणतात.

मग बाजारात चकचकीत छापील पडदे आले. कंपन्यांनी मामाजींचे जुने पडदे आणून त्यांच्याच पडवीत टाकले. दुसरा कोणी खचला असता. मामाजींनी कात्री घेतली, महालांचे आणि जंगलांचे तुकडे केले, तांदळाच्या पेजेची खळ देऊन ते कडक केले आणि मेणाच्या दोऱ्यानं शिवून लेकरांसाठी पुस्तकं बनवायला बसले. त्यात अक्षर एकही नसे. अक्षरं आली की मोठी माणसं मध्ये येतात, असं त्यांचं म्हणणं. मूळ पडद्यावर जे असेल ते तसंच राहू द्यायचे आणि त्यावर गोष्ट रंगवायचे. त्यामुळे त्यांच्या पुस्तकात बेडूक राजदरबारात बसलेला असे आणि म्हातारी तुरुंगाच्या खिडकीत लुगडं वाळत घाली.

सगळ्यांत नावाजलेलं पुस्तक बकरीचं. महालाच्या खांबांमध्ये एक चटई अंथरलेली, तिच्यावर एकटी बकरी. तिच्याशी कोणी बोलत नाही. ती कोळशानं फरशीवर चित्रं काढत बसते. एकेका पानावर एकेक जण ते चित्र पाहायला येतो, कोंबडी, पाय मोडलेला कुत्रा, डोक्यावर भारा घेतलेली मुलगी, आणि चटईवर बसतो. शेवटच्या पानावर चटई भरून गेलेली असते, फक्त बकरीच्या शेजारी एक जागा रिकामी. मी विचारलं, "मामाजी, इथं रंगवायचं राहिलं का?"

"राहिलं नाई, ठेवलं," ते म्हणाले. "जो पोट्टा वाचन, त्याची जागा होय ते. त्यानं तिथं हात ठेवाचा. हाताचा मळ लागला पायजे, जवाईबापू. मळ नाई लागला तर समजाचं का बकरी अजून एकटीच हाये."

पुस्तक देण्याची त्यांची रीतही जगावेगळी. पुस्तक एकट्याला मिळत नसे. पडवीत पोरं जमली की मामाजी पहिला प्रश्न विचारत, "आज कोनाची कट्टी हाये?" ज्या दोघांची कट्टी, त्या दोघांना मिळून एक पुस्तक. एक पान ह्यानं उलटायचं, एक त्यानं. पोरं हुशार, जिवलग मैत्रिणीसुद्धा पुस्तकासाठी तोंड फिरवून बसू लागल्या. मी म्हटलं, ह्या तुम्हाला बनवताहेत. ते हसून म्हणाले, "बनवू द्या. खोटी कट्टी कराले बी पक्की दोस्ती लागते."

एकदा माझ्यादेखत खरी कट्टी असलेल्या दोन पोरींनी पुस्तक ओढता ओढता मधोमध फाडलं. माझ्यातला मास्तर ताडकन उठला. मामाजींनी मला दंडाला धरून खाली बसवलं आणि पोरींपुढे सुई आणि लाल दोरा ठेवला. एकीनं पान जुळवून धरलं, दुसरीनं टाके घातले, बोटाला सुई टोचली तशी दोघी रडल्या आणि मग हसल्या. ती वाकडीतिकडी लाल शिवण डोळ्यांसमोर धरून मामाजी म्हणाले, "आता हे पुस्तक झालं. आतापावतर कापड होतं."

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे मला कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

तेव्हा मी साकोली तालुक्यातल्या एका लहान गावी शाळेचा प्रमुख होतो. गावाचं नाव सांगत नाही, चूक गावाची नव्हती. मामाजींनी पूर्ण हिवाळा खपून माझ्या शाळेसाठी अकरा पुस्तकं केली आणि एसटीनं सानगडीपर्यंत येऊन, पुढं गाठोडं डोक्यावर घेऊन चालत आणून दिली. पोरांना एक दिवस ती पाहायला मिळाली. दुसऱ्या दिवशी मी ती शाळेच्या साहित्याच्या वहीत चढवली, 'कापडी चित्रपुस्तके, नग अकरा', आणि वहीत चढलेली वस्तू तपासणीच्या वेळी जशीच्या तशी दाखवावी लागते, ही भीती माझ्या मनात शिरली. पोरांनी फाडली तर जबाब कोण देणार? मी सगळी पुस्तकं लाकडी कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात.

दुसरीतली एक मुलगी रोज टेबलाशी येऊन उभी राहायची. तिच्याजवळ वर्गात कोणी बसत नसे. का, ते मी कधी विचारलं नाही. "गुर्जी, बकरीचं पुस्तक?" "उद्या," मी म्हणायचो. ती भांडत नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. तपासणी झाली. साहेब म्हणाले, "वा गुरुजी, काय नवी कोरी ठेवलीत!" माझी छाती फुगली. उन्हाळ्यात त्या मुलीच्या आईबापांनी कामासाठी गाव सोडलं. तिचा 'उद्या' माझ्याकडेच राहिला.

पावसाळ्यानंतर कपाट उघडलं तर आत भुगा. उंदरांना तांदळाच्या खळीचा वास कधीच लागला होता. महाल, जंगल, बेडूक, म्हातारी, काहीच ओळखू येत नव्हतं, आणि बकरीच्या पुस्तकात तर उंदरांनी पिल्लं घातली होती. मी सगळं टोपलीत भरून शाळेमागच्या खड्ड्यात टाकलं आणि वर माती ओढली.

दिवाळीत आम्ही आसगावला गेलो. जेवताना मामाजींनी विचारलंच, "काय म्हनते पुस्तकं?" मामी वाढत होत्या, बायको शेजारी होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामाजी, पोरांनी वाचून वाचून फाडली. एकही उरलं नाही."

त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. "अकराच्या अकरा?"

"अकराच्या अकरा."

ते उठले, उष्ट्या हातानंच अंगणात गेले आणि शेजाऱ्याला हाक मारली, "आयकलं का गा, जवाईबापूच्या शाळेनं माये सगडे पुस्तकं फाडून टाकले!" शेजाऱ्याला वाटलं भांडण झालं, तो काठी घेऊन धावत आला. मामी म्हणाल्या, "पुरस्कार भेटला असता तरी एवढे नाचले नसते." मी मान खाली घालून वरण ओरपत राहिलो. त्या दिवसापासून मामाजींच्या तोंडचा 'माया जवाई', म्हणजे माझा जावई, हा आसगावात दाखला झाला. मास्तर असावा तर असा, पोरांना पुस्तक फाडू देणारा.

त्यांनी बारावं पुस्तक केलं ते मला बक्षीस म्हणून. पुन्हा बकरीचंच. माझी नंतर दोनदा बदली झाली, पण ते पुस्तक मी कुठल्याच शाळेत नेलं नाही. घरात ट्रंकेत आहे, डांबराच्या गोळ्या घालून. शेवटच्या पानावरची जागा अजून स्वच्छ आहे.

आता मामाजींना दिसत नाही. पडवीत बसतात, कोणी आलं की हाताचा तळवा चाचपून कोण आहे ते सांगतात, आणि बहुधा चुकतात. मागच्या वेळी मी गेलो तर माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "डोयानं तर नाई, पन हातानं पाह्यतो मी. जवाईबापू, त्या फाटक्यातलं एखांदं पान कोठी असन तर आना ना. पोट्ट्याईचे हात कोठी कोठी लागले ते पाहाचं हाये."

"पाहतो," मी म्हणालो. म्हणजे पुन्हा 'उद्या'च.

हे छापून आलं की बायको वाचेल. आसगावला जाऊन मामांना वाचूनही दाखवील, मी तिला अडवणार नाही. सोमवारी ट्रंक उघडून ते पुस्तक शाळेत नेणार आहे. कपाटात नाही, वर्गात. ज्या दोघांची कट्टी असेल त्यांच्या हातात. फाटायला किती दिवस लागतील ठाऊक नाही आणि मामाजींकडे किती आहेत तेही ठाऊक नाही. त्या मुलीचं मला आता काही फेडता येणार नाही. मामाजींना मात्र मी लेकरांच्या हातांनी फाटलेलं एक पुस्तक देणं लागतो.