पोपटांचे वकील

कायद्याच्या पुस्तकात नाही ते जगात घडूच शकत नाही, असे मानणारा एकच माणूस मी पाहिला: माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. पांढरकवड्याला ते कचेरीत वकिली करत आणि घरी आल्यावरही तीच करत. आत्या भाजीत मीठ विसरली, तर तिला बाजू मांडायला मुदत देत. अंगणात घुसलेल्या गाईला हाकलण्याआधी त्यांनी तिला हद्द समजावून सांगितल्याचे मी स्वतः ऐकले आहे.

प्राण्यांना छळण्याविरुद्ध नवा कायदा झाला आणि आतोबांना तरुणपण आले. टांगेवाले त्यांना पाहताच चाबूक पाठीमागे धरू लागले. त्या उन्हाळ्यात मी कॉलेजच्या सुट्टीत त्यांच्याकडे होतो. बाजारातून त्यांनी 'बोलणारा' पोपट आणला. तो बोलेना, नुसता पेंगे. "अफू चारली याले," आत्या म्हणाली. खोटे बोलून पोपट विकणाऱ्यासाठी नव्या कायद्यात कलम नव्हते. पोपटाला अफू चारणाऱ्यासाठी सापडले. पुढच्या बाजारी आतोबांनी जमादाराला नेऊन विक्रेत्याला बारीक जाळीच्या, पोपटांनी भरलेल्या पिंजऱ्यासकट ठाण्यात बसवले. घरचा पोपटही पुराव्यासाठी त्याच पिंजऱ्यात गेला. पक्षी बदलले जातील, म्हणून पिंजऱ्याच्या दाराला त्यांनी लाखेची मोहोर लावून घेतली. पाण्याची वाटी आत होती, आणि रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी आतोबा आणि मी ठाण्यात असताना आत्या पाण्याचे भांडे घेऊन आली. "अहो, मोहोर तोडा ना जी. पाखरं तहानेनं मरून राह्यले."

"कोर्टाच्या हुकमाशिवाय मुद्देमालाला हात लावता येत नाही," आतोबा म्हणाले.

तिने जमादाराकडे पाहिले. तो म्हणाला, "लाख लावा म्हणून वकीलसाहेबच बोलले, बाई. मी तोडली तं माही नोकरी जाते."

मॅजिस्ट्रेट दौऱ्यावर होते. आतोबा अर्ज लिहून भर उन्हात त्यांच्या मुक्कामावर गेले आणि दिवस कलताना हुकूम घेऊन परतले. पक्ष्यांना पाणी पाजण्यास परवानगी होती. जमादाराने तो दोनदा वाचून मोहोर फोडली. आत कोणी हलले नाही.

कोपऱ्यात बसलेला विक्रेता म्हणाला, "साहेब, माह्यापाशी तं जित्ते होते."

आतोबा जमिनीवर मांडी घालून बसले, आत्याच्या भांड्यात बोट बुडवले आणि घरातल्या माणसाच्या शेवटच्या घटकेला करतात तसे एकेका चोचीवर थेंबभर पाणी सोडत राहिले. आत्याने, पाणी संपेपर्यंत, भांडे त्यांच्या हातापाशी धरून ठेवले.