आईचा 'आ'

परवा मुदखेडला आमच्या विहारात जे बघितलं, त्यातून अजून सावरलो नाही. बंगळुरूच्या गाडीत बसून लिहून राहिलो... शाळा आठवीत सुटली, चुकलं तर समजून घ्या.

मी तिकडं फॉल सीलिंगचं काम करतो. सुट्टीवर आलो तर विहारात समूहगायनाचं शिबिर. लातूरच्या एक मॅडम आवाज कसा तयार होतो, कसा पसरतो ते शिकवायला आलेल्या.

आमचा भीमगीतांचा ग्रुप काका चालवतात. पुढच्या आठवड्यात नांदेडला स्पर्धा, स्टेजवर फक्त दहाजण. ग्रुपमध्ये अकरा. सकाळीच काकांनी आईचं नाव कापलं.

तसं ते तिला पहिल्यापासून सांगायचे, "वैनी, तुमचा आवाज टोचतो, नुसते ओठ हलवा." आणि ती मागच्या ओळीत ओठ हलवायची... नाव कापलं तर म्हणली, "बरं झालं, गुडघे दुखतेत." पण शिबिराला सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

मॅडमनी आल्या आल्या माईक बंद केला. आमच्याकडं माईकशिवाय कोणी तोंड उघडत नाही. मग मोबाईल पार दारात ठेवला, त्यावर आवाजाचा आलेख दिसायचा, डावीकडं जाड आवाज, उजवीकडं बारीक, टोकदार. एकेकानं ढोलकीबरोबर 'आ' लावायचा.

काकांनी शिरा ताणून लावला. आलेखात डावीकडं डोंगर, उजवीकडं सपाट. मॅडम म्हणल्या, "दादा, आवाज मोठा आहे, पण ढोलकीत बुडतो. पार जाणारी धार उजवीकडं दिसते."

"मग ढोलकीवाल्यालाच घरी पाठवू," काका म्हणले. सगळे हसले.

शेवटी आई राहिली. "मी गात न्हाई ओ मॅडम." मॅडम म्हणल्या, "आज गा."

आईनं 'आ' लावला... उजवीकडं सरळ सुळका. ढोलकी जोरात केली तरी सुळका तिथंच. मी दारात मोबाईलजवळ उभा, ढोलकीच्या वर तिचाच आवाज येत होता.

काकांनी तिला परत गायला लावलं, स्वतः दारात येऊन ऐकलं. मग खिशातली यादी काढून स्वतःचं नाव खोडलं. "वैनी, तुम्ही वर उभ्या राहा. मी स्टेजखालून हातानं ताल दाखवतो."

आई पदरानं तोंड पुसत राहिली.

मी सत्तावीस वर्षांचा हाय. घरात टीव्ही, मोबाईल, आमची भांडणं, सगळ्यांचा आवाज असायचा... आई गाते कशी, हे मला एका परक्या बाईमुळं कळलं. मॅडम, तुमचे लई उपकार.