घसरायला शिकलेल्या काकू

आमच्या डोणगावच्या काकू रेसिंगच्या गेममध्ये कधी पहिल्या आल्या नाहीत. त्यांना पहिलं यायचंच नव्हतं. त्यांना गाडी घसरवायची होती, आणि घसरलेली सावरायची होती.

साखरेच्या आजारानं काकांची नजर अधू झाल्यापासून घरची भाजीची पिकअप दारात उभी असायची. भाड्याचा ड्रायव्हर आला तर आला, नाहीतर तोडलेली वांगी, टोमॅटो दुपारपर्यंत मान टाकायचे. काकूंनी मेहकरला क्लास लावला, लायसन काढलं. काका मात्र ढिम्म. "कोरड्या रस्त्यावर कोणीबी चालवते. काळ्या मातीत घसरली म्हणजे काय करशीन?" काकूंनी ते मनावर घेतलं.

मी तेव्हा नोकरी शोधत घरी बसलो होतो; म्हणजे टेबलाला गेमचं स्टिअरिंग आवळून, पायाशी त्याचे पेडल मांडून दिवसभर गाड्या पळवत होतो. एका दुपारी काकू पदर खोचून माझ्या खुर्चीत बसल्या. "शिकव," म्हणाल्या. पहिल्याच वळणाला त्यांनी नाक मुरडलं. "हे काय बे? गाडी रस्त्याले डिंकानं चिकटवली का?" त्यांचं खरं होतं. गेम नवशिक्याला सांभाळून घेत होता. मी त्या सगळ्या सोयी बंद केल्या, टायरची पकड कमी केली. गाडी गरकन फिरून गवतात गेली. काकू खूश!

"हाव, आता झाली आपली सडक."

मी फुशारकीनं सांगितलं, टायरचा आवाज ऐकायचा, घसरण्याआधी तो किंचाळतो. त्यांनी आवाजच बंद करायला लावला. इतकी वर्षं काकांच्या शेजारी बसून त्यांनी रस्ता पाहिला होता. "डांबरावर किंचाळत असन. चिखल बोलत नाही. स्टिअरिंग हलकं पडते, ते हाताले समजलं पायजे." मग रोज जेवणं आटोपली की तेच. वळण, घसरण, गवत, पुन्हा वळण. मी कंटाळलो, त्या नाही. घसरताना ब्रेक मारला की गाडी आणखीच फिरायची; पाय चुकून तिकडे धावला की त्या स्वतःच्या पायालाच शिव्या घालायच्या.

हिवाळ्यात अवकाळी पाऊस झाला. भाजीचे कॅरेट भरून तयार होते, ड्रायव्हर फिरकला नाही. काकू सरळ स्टिअरिंगवर जाऊन बसल्या. काका आडवे आले. "माल सडू देऊ का तुमचा हट्ट मोडू, सांगा," एवढंच त्या म्हणाल्या. काका चडफडत शेजारी चढले, मी दाराकडे.

मेहकरच्या अलीकडे एका वळणावर ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर आणून टाकली होती, आणि वरून भुरभुर चालू होती. गाडीचं मागचं अंग सरकलं. "ब्रेक मार!" काका ओरडले. काकूंनी मारला नाही. पाय हळूच उचलला, स्टिअरिंग सरकत्या बाजूला जरासं दिलं आणि गाडी सरळ झाली. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू! मार्केटात उतरताना काका म्हणाले, "उद्या मेथीबी नेऊ."

त्यानंतर आमच्या घरी ड्रायव्हरची वाट कोणी पाहिली नाही. काकू अंथरुणाला खिळेपर्यंत पिकअप त्यांनीच चालवली.

त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. गाडीवर पुन्हा भाड्याचा ड्रायव्हर आहे, आणि काका हट्टानं शेजारी बसतात. मध्यंतरी मी गावी गेलो तेव्हा सोबत होतो. पाऊस होऊन गेलेला. त्याच वळणावर गाडी जरा डगमगली आणि ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. ज्यांना समोरचा रस्ताही धड दिसत नाही ते काका एकदम खवळले.

"पाय उचल बे! आमच्या बाईनं इथं कधी ब्रेक नाही मारला."